बल्बच्या बुडाशी बसवलेला डोळा

ती घटना आठवली की आजही माझा उजवा हात नकळत खिशात जातो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दोन वेळा दगडांचा मारही खाल्ला. पण माझी खरी परीक्षा पाहिली ती एका एलईडी बल्बने. आजूबाजूची माणसे अजून हयात आहेत, म्हणून इथे कुणाचे नाव लिहीत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरच्या दुष्काळी पट्ट्यात मी तेव्हा एका ठाण्याचा निरीक्षक होतो. गावोगावचे कर्ते पुरुष एक तर मुंबईला, नाही तर सैन्यात. घरी बायका, म्हातारी माणसे आणि शेळ्या-मेंढ्या. अशा मुलखात पोलिसाने एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते. बाईमाणसाच्या घराबद्दल अफवा उठली की ती वणव्यासारखी जाते, आणि मुंबईपासून सीमेपर्यंतचे सगळे नवरे अर्ध्या तासात फोनवर असतात.

थंडीचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. माणूस तसा सबुरीचा, पण आवाज चढलेला होता.

"सायेब, लवकर गाडी पाठवा. बल्ब दुरुस्त करणारा हाय न्हवं, त्येला पोरांनी देवळाच्या खांबाला बांधून ठिवलाय. बल्बात क्यामेरा घावलाय म्हनत्यात."

"कुणाच्या बल्बात?"

"आक्काच्या. मानसं लय तापल्यात. मला एकट्याला आवरत न्हाईत."

हा कारागीर आम्हाला माहीत होता. चाळिशीचा, विट्याकडचा मुसलमान गडी. मोटारसायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून तो गावोगाव फिरायचा, बंद पडलेले एलईडी बल्ब उघडून नवा भाग जोडून द्यायचा. आमच्या ठाण्यातले निम्मे बल्ब त्यानेच जिवंत केलेले होते. आक्का म्हणजे सत्तरी ओलांडलेली विधवा बाई. गावाच्या टोकाला घर, चार शेळ्या, एकुलता मुलगा सैन्यात. सून आणि नातवंडे मुलाबरोबर छावणीत.

मी गेलो तेव्हा कारागिराचा शर्ट फाटलेला होता आणि ओठातून रक्त येत होते. त्याला गाडीत घातले, त्याची मोटारसायकल एका शिपायाबरोबर ठाण्याकडे पाठवली. आक्कांच्या शेजारच्या घरातला तिशीचा तरुण पुढे आला. त्याने रुमालात गुंडाळलेला बल्ब माझ्या हातात दिला.

"ह्ये बघा सायेब. आक्काच्या दारातनं म्याच काढून आनलाय. बुडाला भोक पाडून डोळा बशिवलाय. आन् दुसरी गोष्ट सांगू? ह्यो बल्ब आपोआप लागतो. आक्का शेरडांकडं आसती, दाराला कडी, तरी बल्ब पेटतो. परवा आभाळ आलं तर भर दुपारचा लागला. कुनीतरी लांबनं चालू-बंद करतंय. व्हिडिओ काढतंय."

मी बल्ब उन्हात धरला. पितळी टोपीच्या जरा खाली, पांढऱ्या प्लास्टिकला नीट गोल छिद्र होते. छिद्रात काळी नळी, आणि नळीच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढी चकचकीत चकती. तिच्यावर नागमोडी तांबूस रेघ. बल्ब किंचित हलवला की चकती चमकायची. खरे सांगतो, मलाही तो कॅमेराच वाटला. मी आयुष्यात तोवर बल्बच्या पोटात कधी डोकावलो नव्हतो.

ठाण्यात पोहोचेपर्यंत पाठोपाठ ट्रॅक्टर, जीपगाड्या, मोटारसायकली येऊन थडकल्या. त्या तरुणाने बल्बचा फोटो मोबाईलवर गावभर केला होता, आणि गावाने तो तालुकाभर. बायका पिशव्या भरभरून घरातले बल्ब घेऊन आल्या आणि ठाण्याच्या ओट्यावर ओतू लागल्या. प्रत्येकीच्या घरात त्या कारागिराचा हात लागलेला बल्ब होताच. "आमच्यातबी बघा, आमच्यातबी बघा," असा एकच धोशा. मी वरिष्ठांना कळवले, साताऱ्याहून जादा कुमक मागवली. पण ती यायला दोन तास लागणार होते.

अशा वेळी पोलीस काय करतो? जे हाताशी असते ते नियमाने करतो. मी दोन पंच बोलावले, पंचनामा केला, बल्ब खाकी कागदात गुंडाळला, त्यावर कापड शिवले, लाख वितळवून सील मारले, पंचांच्या सह्या घेतल्या. न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवायचे पत्र तयार केले. सगळे कसे चोख. फक्त एक झाले. ज्या वस्तूमुळे बाहेर माणसे पेटली होती, ती वस्तू ओळखण्याची घाई करायची सोडून मी ती लाखेखाली बंद केली. प्रयोगशाळेचे उत्तर यायला महिने लागतात. बाहेरचा जमाव तेवढा थांबणार नव्हता.

सील करण्यापूर्वी काढलेला फोटो मी तालुक्याच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, कॅमेरा वाटत नाही, माईक असेल. जिल्ह्याच्या सायबर शाखेतल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला पाठवला. तो म्हणाला, फोटोवरून सांगता येणार नाही, भिंगही असू शकेल. ही दोन्ही उत्तरे मी ओट्यावर जाऊन सांगितली असती तर संध्याकाळपर्यंत ठाणे जळाले असते.

मग चौकशीची खोली. मी, एक हवालदार आणि समोर तो कारागीर.

"डोळा कसला आहे?"

"जुना पार्ट हाय सायेब."

"कशाचा?"

"भंगारात घावला. मला ठावं न्हाई."

"ठाऊक नाही, मग बसवलास कशाला?"

गप्प.

"बल्ब आपोआप कसा लागतो?"

नजर जमिनीवर.

चौकशीची मला सवय होती. खोटे बोलणारा माणूस उत्तर देण्याआधी थुंकी गिळतो, आणि हा प्रत्येक वेळी गिळत होता. खोटे बोलतोय हे मला स्पष्ट कळत होते. कशासाठी बोलतोय हे कळत नव्हते, पण ते कळत नाही हेही मला तेव्हा कळले नाही. खोटे बोलतो म्हणजे गुन्हेगार, एवढा सरळ हिशेब मी मांडून टाकला. कुणासाठी काम करतोस, व्हिडिओ कुठे पाठवतोस, आणखी किती घरांत बसवलेस, असे तासभर विचारले. तो एकच वाक्य म्हणे, "क्यामेरा न्हाई सायेब. लेकरांची आन."

बाहेर कुणीतरी त्याच्या मोटारसायकलवर दगड घातला. पेटी फुटल्याचा आवाज आत आला. त्याने डोळे मिटले. मी ओरडलो, "अजून गप्प बसतोस?" आणि उजव्या हाताने त्याच्या कानशिलात लगावली.

त्या थपडेची नोंद स्टेशन डायरीत नाही. म्हणून इथे करतो.

त्याने गालावर हात ठेवला आणि म्हणाला, "मारा सायेब. पर मला इचारू नका." मी चमकलो. मला सोडा, असे म्हणणारे शेकडो पाहिले होते. मला विचारू नका, असे म्हणणारा तो पहिला. माझ्या रागातली हवा तिथेच थोडी गेली.

आक्कांचा जबाब अजून राहिला होता. चारच्या सुमारास कुमक आली, ठाणे त्यांच्यावर सोपवले आणि महिला शिपायाला घेऊन मी आक्कांच्या घरी गेलो. म्हातारी दारातच उभी होती.

"या सायेब. बसा. त्या पोराला सोडलासा का?"

"आधी जबाब द्या आक्का. तो बल्ब कुणी बसवला?"

"त्यानंच. मीच सांगितलं हुतं. बल्ब ग्येला हुता, बशीव म्हनलं." तेवढे बोलून त्या चहा करायला वळल्या.

घर विलक्षण टापटीप होते. डबे एका रांगेत, प्रत्येक डब्याला वेगळ्या जातीची खूण बांधलेली. एकाला सुतळी, एकाला रेशमी काठ, एकाला घायपाताचा जाड वाख. दारापासून शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत अंगणात एक दोर ताणलेला होता. कपडे वाळत घालायला म्हणावा तर फार खाली, कमरेच्या उंचीवर. आणि एकाच बाजूने हात फिरून गुळगुळीत झालेला.

महिला शिपाई आक्कांशी दोन शब्द बोलून माझ्या डावीकडे बसली होती. ती उठून मुकाट्याने दारापाशी गेली, तिला तो दोर नीट पाहायचा होता. आक्का चहा घेऊन आल्या आणि कप त्या रिकाम्या जागेकडे पुढे केला. "घे बाय," म्हणाल्या. तिथे कुणीच नव्हते. कप तसाच हवेत राहिला.

मी उठून कप घेतला. हलकेच विचारले, "आक्का, कधीपासून?"

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. भिंत चाचपत त्या खाली बसल्या.

"दोन वरसं झाली. काचबिंदू हाय म्हनत्यात. आदी सावल्या दिसायच्या, आता त्याबी न्हाईत."

"मुलाला माहीत नाही?"

"न्हाई. कळलं तर नोकरी सोडून यील. त्यानं आदीच बजावलंय, आये तुला काय झालं तर मी एक दीस थांबायचा न्हाई. पेन्शनीला तीन वरसं राहिल्यात त्येची. माझ्या डोळ्यांपायी त्येचं वाटोळं हू द्यू?"

"आणि बल्ब?"

"आवं सायेब, तिन्हीसांजा झाल्या ह्ये मला कळंना. कवा इसरायची, कवा रातभर-दिसभर तसाच जळायचा. शेजारनी इचाराय लागल्या, आक्का, घरात आंदार का, आक्का, दिसा लाईट का. दिवा मला लागत न्हाई वो. गावाला लागतो. वक्ताला दिवा लागला की गाव म्हनतं, म्हातारी बरी हाय. त्या पोराला कळलं कसं कुनास ठावं, बल्ब बदलताना त्यानंच इचारलं. म्हनला, आक्का, आंदार पडला की आपला आपन लागंल आसं करून देतो. म्या त्येला शपथ घातली, कुनाला सांगू नगंस."

सगळे एका क्षणात उलगडले. आभाळ आले की लागणारा, उजाडले की विझणारा बल्ब. तो डोळा माणसांकडे पाहत नव्हता, उजेडाकडे पाहत होता. रस्त्यावरच्या काही दिव्यांना असते तसलेच काहीतरी. खात्री करावी म्हणून मी वीज कंपनीच्या एका जुन्या वायरमनला फोन लावला आणि डोळ्याचे वर्णन सांगितले. तो हसायलाच लागला. "सायेब, नागमोडी रेघ हाय न्हवं? मग त्यो एलडीआर. उजेड कळतो त्येला. आवं, दोन पायांचा गरीब पार्ट त्यो, क्यामेरा कसला!"

कारागिराच्या तोंडाला कुलूप का होते, तेही आता कळले. उजेड कळणारा भाग म्हणून सांगितले असते, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. म्हातारीला बटण दाबता येत नाही का? बिचाऱ्याला खोटे रचता येत नव्हते, म्हणून तो गप्प बसला.

महिला शिपायाला आक्कांपाशी ठेवून मी ठाण्यात परतलो. दिवस कलला होता. जमाव दुप्पट झाला होता. मी थेट आतल्या खोलीत गेलो.

"आक्कांना दिसत नाही," मी म्हणालो.

त्याने दचकून मान वर केली. "म्या न्हाई सांगितलं."

"मी कुठे म्हणालो तू सांगितलंस?"

तो रडायला लागला. मार खाताना रडला नव्हता. "सायेब, गावाला कळू द्यू नगासा. म्हातारी त्या घरातनं उठंल."

मी उपविभागीय अधिकाऱ्यांना फोन केला. सील तोडायची परवानगी मागितली. पलीकडून उत्तर आले, "तुमच्या जबाबदारीवर." मी त्याच दोन पंचांना बोलावले, दुसरा पंचनामा लिहायला घेतला आणि सगळ्यांसमोर ओट्यावर लाख फोडली. आत आधी तपासून पाहिले असते तर पोलिसांनी बल्ब बदलला, असे म्हणायला लोक मोकळे होते. म्हणून पहिली चाचणी तिथेच, उघड्यावर. हवालदाराने वायर ओढून होल्डर टांगला. मी कारागिराला कानात विचारले, "लागेल ना?"

"होल्डर सैल नसंल तर लागंल," तो म्हणाला. कारागिरासारखेच उत्तर होते.

बल्ब लावला, बटण दाबले. बल्ब लागला नाही. जमावात हुर्यो उठली. एक दगड आमच्या पाटीवर आपटला. मी उजवा हात वर केला आणि अंगठा त्या काळ्या नळीच्या तोंडावर ठेवला. एक क्षण काहीच नाही. मग बल्ब भक्कन पेटला.

अंगठा काढला, विझला. ठेवला, पेटला. चार वेळा, पाच वेळा केले. "बघा," मी म्हणालो, "याला फक्त अंधार कळतो. हा कॅमेरा नाही. यात दुसरे काही नाही." पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने स्वतः अंगठा लावून पाहिला आणि खुदकन हसला. हवा बदलू लागली. पण शेजारचा तो तरुण हटेना.

"सायेब, त्ये खरं. पर आक्काला असला बल्ब कशाला? बटान काय तिच्या हातात मावत न्हाई व्हय? कायतरी लपिवताय तुमी."

सगळे पुन्हा माझ्याकडे पाहू लागले. उत्तर माझ्या ओठांवर होते. दिले असते तर कारागीर सुटला असता, पण ज्यासाठी त्याने दिवसभर मार खाल्ला ते मातीत गेले असते. मी कारागिराकडे पाहिले. त्याने मान हलवली, नाही म्हणून. कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात या जागेचे उत्तर नाही.

तेवढ्यात गर्दीच्या मागून वाट झाली. पोलीस पाटलांच्या जीपमधून महिला शिपाई आक्कांना घेऊन उतरत होती. तिने मला डोळ्यांनीच सांगितले, ऐकेचनात. आक्का तिचा दंड धरून ओट्याच्या पायरीपर्यंत आल्या. पायरीला पाय अडखळला, तो साऱ्या गावाने पाहिला.

"मी सांगते कशाला ते," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "मला दिसत न्हाई. दोन वरसं झाली. त्यो दिवा म्या मागितला. सांगू नगं म्हनून त्येला शपथ म्या घातली. आता ती शपथ म्या सोडली. कुनाला काय इचारायचंय ते मला इचारा, त्येला न्हाई."

तो तरुण एवढेच म्हणाला, "आक्का..." त्या तरुणाच्या आवाजाच्या दिशेने वळून त्या म्हणाल्या, "आन् तू रं बाबा. रोज माझ्या दारावरनं जातूस, आक्का बरी हाय का म्हनतूस. दोन वरसांत म्हातारी आंधळी झालेली तुला दिसली न्हाई, आन् बल्बाचा एवढासा डोळा बरा दिसला."

तो तरुण खाली मान घालून उभा राहिला. मग पुढे येऊन त्याने त्यांचे पाय धरले. मला मात्र त्या क्षणी त्याचा राग आला नाही. मी तरी काय वेगळे केले होते?

पुढे एक तास गमतीत गेला. ओट्यावर ओतलेले बल्ब बायकांना परत हवे होते आणि कुणाचा कुठला हे कुणालाच सांगता येईना. भांडणे लागायची वेळ आली. तेव्हा फाटक्या शर्टातला तो कारागीरच पुढे बसला. एकेक बल्ब उघडायचा, आत स्वतः पेन्सिलीने केलेली खूण पाहायचा आणि हाक मारायचा, "ह्यो पाटलांच्या वैनींचा. ह्यो दूधवाल्या काकूंचा. ह्यो ठाण्याचा, सायेब." सकाळी त्याला खांबाला बांधणारी माणसे रांगेत उभी राहून त्याच्या हातातून बल्ब घेत होती. काहींनी हात जोडले. बऱ्याच जणांना तेवढेही जमले नाही.

मारहाण करणाऱ्यांवर गुन्हा नोंदवू का, असे मी त्याला दोनदा विचारले. त्याने नको म्हटले. आक्कांचा मुलगा महिन्याच्या रजेवर आला. नोकरी सोडतो म्हणून अडून बसला होता, पण आईने सोडू दिली नाही. आळीतल्या बायकांनी जेवणखाणाच्या पाळ्या लावून घेतल्या. न्यायालयाच्या परवानगीने मुद्देमाल परत केला, तेव्हा तो बल्ब त्या शेजारच्या तरुणानेच पुन्हा आक्कांच्या दारात बसवला.

त्यानंतर पुढच्या नोकरीत मी संशयिताला आणखी एक प्रश्न विचारायला लागलो. काय केलेस, कसे केलेस, कुणाबरोबर केलेस, हे तर विचारायचेच. पण शेवटी, आवाज खाली आणून, कुणासाठी केलेस? या एका प्रश्नाने मला बरीच बंद तोंडे उघडून दिली. नव्या अधिकाऱ्यांच्या वर्गातही मी हेच सांगत आलो, जरा अभिमानानेच. आपण एका थपडेच्या किमतीत शहाणे झालो, असे मला वाटत होते.

निवृत्तीनंतर मी वाईला राहायला आलो. मागच्या वर्षी बाजारात घाटाकडच्या कोपऱ्यावर ती लाकडी पेटी दिसली. नव्या पत्र्याने सांधलेली. दाढी पिकली होती, पण तोच. मी समोर उभा राहिलो. त्याने मला ओळखले आणि बसायला डबा पुढे सरकवला. मी आडवळणे न घेता म्हणालो, "त्या दिवशी मी हात उगारला. चुकलो. माफी मागतो."

त्याने हातातला बल्ब बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ द्या सायेब."

"एक सांगायचं आहे," मी म्हणालो, आणि माझा तो प्रश्न त्याला ऐकवला. "त्या दिवशी डोळा कसला हे विचारत बसण्यापेक्षा, बल्ब कुणासाठी केलास एवढंच मायेनं विचारलं असतं, तर सगळंच टळलं असतं."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग हसला, अगदी साधे.

"आवं सायेब, मायेनं इचारलं असतं तरीबी म्या सांगितलं नसतं. शपथ हुती न्हवं."

आणि त्याने पुन्हा तो बल्ब हातात घेतला.